चुना, नीळ आणि चिनाराची सावली

गेल्या पावसाळ्यात पुण्यात एका मैत्रिणीच्या कार्यालयात बऱ्याच वेळा जाणे झाले. अंतर्गत सजावट हा तिचा व्यवसाय, आणि तेव्हा तिच्याकडे एका नव्या उपाहारगृहाचे काम होते. मालकांची मागणी एका वाक्यात मावणारी होती: आत पाऊल टाकले की ग्रीसला आल्यासारखे वाटले पाहिजे. टेबलावर नमुने मांडलेले होते. घोटलेल्या कोब्याचा वीतभर तुकडा, खडबडीत गिलाव्याच्या दोन पाट्या, निळ्याच्या छटांचे कार्ड, लव्हाळ्याच्या दोरीने विणलेली खुर्ची, आणि या सर्वांच्या वर सँतोरिनी बेटावरच्या इया गावाचे ते जगभर पाहिले गेलेले छायाचित्र: पांढरी घरे, निळे घुमट, कडेला बोगनवेल, खाली समुद्र. ते छायाचित्र तिने उचलले, पुन्हा खाली ठेवले आणि म्हणाली, "हे ग्रीसचं चित्र झालं गं. ग्रीसची जमीन यात कुठेय?" त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही; पण तो प्रश्न घेऊन मी घरी आले आणि पुढचे कित्येक आठवडे त्याच्याच मागे राहिले. जेवायच्या जागेत ग्रीसची भूमी आणावी ही इच्छा आधी कुणाला झाली, ती कोणाकोणाच्या हातांतून गेली आणि शेवटी पांढऱ्या-निळ्यावर येऊन कशी ठेपली, हे पाहायचे तर आपल्याला फार मागे जावे लागते. सुदैवाने पहिला मुक्काम त्याच छायाचित्रातल्या बेटावर आहे.

सँतोरिनीचे जुने नाव थेरा. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिथल्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि बेटाच्या दक्षिणेचे एक समृद्ध बंदर राखेखाली गाडले गेले. १९६७ साली स्पिरिडॉन मारिनातोस या पुरातत्त्वज्ञाने अक्रोतिरी गावाजवळ खोदायला सुरुवात केली, तेव्हा ते नगर मजल्यांसकट वर येऊ लागले. मारिनातोस यांना १९७४ मध्ये त्याच जागी मृत्यू आला. त्यांनी उजेडात आणलेल्या घरांपैकी एकात एक लहानशी खोली आहे. उत्खननाच्या नोंदीत तिचे नाव 'डेल्टा २'. तिच्या तीन भिंतींवर एकच सलग चित्र आहे. त्यात माणूस नाही, देव नाही, प्रसंग नाही. तांबडे, पिवळसर, निळसर-करडे खडक लाटांसारखे उठलेले आहेत, त्यांच्या माथ्यावर तांबड्या लिलीच्या फुलांचे झुबके वाऱ्याने कललेले आहेत, आणि मधल्या मोकळ्या जागेत पाकोळ्या उडताहेत, काही ठिकाणी दोघी चोचीला चोच भिडवून. 'वसंताचे चित्र' म्हणून ते ओळखले जाते आणि आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. बेटाच्या कड्यांवर आजही खडकाचे हेच रंग दिसतात, म्हणून चित्रकाराने रंगवले ते दाराबाहेर पडल्यावर दिसणारेच होते असे मानायला जागा आहे. मला या खोलीचे फार अप्रूप वाटते. ग्रीक भूमीने माणसाला चहूबाजूंनी वेढावे असे कुणाला तरी वाटले, आणि त्याने ते रंगवले ते ज्या दगडाचे चित्र त्याच दगडाच्या भिंतीवर, चुन्याच्या गिलाव्यावर. चित्र आणि जमीन यांची फारकत तोवर झालेली नव्हती.

तिथून सुमारे हजार-बाराशे वर्षे पुढे आलो की जेवायच्या खोलीचा आराखडा हाती लागतो. अभिजात काळातल्या ग्रीक घरात पुरुषांच्या मेजवानीसाठी 'आन्द्रोन' नावाचे दालन असे. मंडळी भिंतीलगतच्या मंचकांवर डाव्या कोपरावर रेलून खात-पीत. मंचक एकमेकांना लागून भिंतीच्या कडेने फिरत जात, म्हणून दार मधोमध ठेवता येत नसे. ते एका बाजूला सरकवलेले असे. जमीन खोदली, भिंती पायापुरत्याच उरलेल्या असल्या, तरी बाजूला सरकलेल्या या उंबरठ्यावरून आणि कडेच्या उंच पट्ट्यावरून हे दालन ओळखू येते. इ.स.पू. ३४८ मध्ये मॅसेडोनियाच्या फिलिपने उद्ध्वस्त केलेल्या ऑलिंथस नगरात अशी दालने मोठ्या संख्येने सापडली, आणि काहींच्या फरशीवर नदीतल्या काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी आहे. नदीचे पात्रच पायाखाली आणून बसवावे तसे ते काम. घराबाहेर, देवस्थानांच्या आवारात, सार्वजनिक मेजवानीची दालनेही होती. अॅटिकाच्या पूर्व किनाऱ्यावर ब्राउरॉन येथे आर्टेमिस देवीच्या आवारात अकरा-अकरा मंचकांच्या खोल्या रांगेने आहेत. अशा दालनाला म्हणत 'हेस्तियातोरिओन', हेस्तिया म्हणजे चूल यावरून. आजच्या ग्रीकमध्ये उपाहारगृहाला 'एस्तियातोरिओ' म्हणतात तो हाच शब्द, पंचवीस शतके वापरात राहिलेला.

याच काळाची आणखी एक जागा नोंदवायला हवी, कारण पुढे ती पुन्हा भेटणार आहे. प्लेटोच्या 'फिद्रस' या संवादात सॉक्रेटिस नगराबाहेर इलिसोस ओढ्याकाठी एका विस्तीर्ण झाडाखाली बसतो. पाण्याचा गारवा, रातकिड्यांसारखी किर्र करणारी सिकाडा, गवताचा उतार, सारे त्यात आले आहे. ते झाड म्हणजे 'प्लातानोस', आपण काश्मीरमुळे ज्याला चिनार म्हणून ओळखतो ते. ग्रीसच्या डोंगराळ गावांत चौकाच्या मधोमध आजही चिनार असतो आणि त्याच्या सावलीत गावच्या कॉफीघराच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. पेलिओन पर्वतावरच्या त्सागारादा गावचा चिनार शेकडो वर्षांचा आहे. भिंत नाही, छत नाही, तरी ती खोलीच असते.

चित्र आणि जमीन यांची ताटातूट झाली ती रोममध्ये. ग्रीस जिंकलेल्या रोमनांना ग्रीस हवाहवासा वाटू लागला, आणि ज्याला तिथे जाऊन राहता येत नाही तो घरात आणतो. १८४८ साली रोमच्या एस्क्विलिन टेकडीवर एका घराच्या भिंती सापडल्या, इ.स.पू. पहिल्या शतकातल्या. त्यांवर तांबडे चौकोनी खांब रंगवले आहेत आणि त्या खांबांमधून, ओसरीत बसून पाहावे तसा, ओडिसियसचा प्रवास दिसतो. पण नायक आणि त्याचे साथीदार त्यात इवलेसे आहेत. मोठे आहेत ते कडे, खाड्या, गुहांची तोंडे, धुकट निळे पाणी. पात्रांची नावे ग्रीक लिपीत लिहिली आहेत, मालक लॅटिन बोलणारा असला तरी. ही चित्रे आता व्हॅटिकनमध्ये आहेत. त्याच शतकातला वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात सांगतो की जुने चित्रकार लांबलचक सज्ज्यांत बंदरे, भूशिरे, किनारे, नद्या आणि ओडिसियसची भटकंती रंगवत. म्हणजे ही एका घराची हौस नव्हती, चाल होती. सहाव्या भागात तो आणखी एक मौजेची गोष्ट देतो. सधन ग्रीक यजमान पाहुण्याला पहिल्या दिवशी आपल्या पंगतीला बसवी आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या खोलीवर कोंबड्या, अंडी, भाज्या, फळे असा शिधा पाठवी. या भेटीला म्हणत 'झेनिया', आणि तसल्या वस्तूंच्या चित्रांनाही चित्रकार तेच नाव देऊ लागले. पाहुणचाराचा हा शब्दही लक्षात ठेवू या.

चित्राने भागले नाही तेव्हा रोमनांनी भूगोलच उभारला. रोम आणि नेपल्स यांच्यामध्ये स्पर्लोंगा येथे समुद्राकाठी एक नैसर्गिक गुहा आहे. तिच्यासमोर पाण्याचे चौकोनी कुंड बांधून त्यात बेटासारखा ओटा केला होता, जेवायला बसण्यासाठी. त्या ओट्यावर रेलले की समोर गुहेच्या अंधारात एकाक्ष राक्षसाचा डोळा फोडणारे ओडिसियसचे साथी आणि मधल्या गोल कुंडात खलाशांना ओढून नेणारी सिला, असे प्रचंड संगमरवरी शिल्पसमूह दिसत. १९५७ मध्ये त्यांचे हजारो तुकडे सापडले, आणि सिलाच्या गलबतावर ऱ्होड्स बेटाच्या तीन शिल्पकारांची नावे कोरलेली निघाली. इ.स. २६ मध्ये सम्राट टायबेरियस अशाच गुहेत जेवत असताना वरून दगड कोसळले, काही माणसे गेली आणि त्याचा विश्वासू अधिकारी सेजानस याने स्वतःचे अंग आडवे घालून सम्राटाला वाचवले, असे टॅसिटस लिहितो. पुढे शंभरेक वर्षांनी सम्राट हेड्रियनने तिवोलीच्या आपल्या विस्तीर्ण वाड्यातल्या जागांना आवडत्या प्रदेशांची नावे दिली. त्यात थेसलीतली 'टेम्पे' ही दरी होती. इजिप्तमधल्या गावावरून नाव दिलेल्या 'कॅनोपस'मध्ये लांब कुंडाच्या टोकाशी अर्धगोलाकार बैठक, अवतीभवती वाहते पाणी आणि काठावर अथेन्सच्या अक्रोपोलिसवरच्या स्त्रीस्तंभांच्या प्रतिकृती. एका विशिष्ट स्थळाच्या स्मृतीवरून जेवणाची जागा आखायची, हे काम इतक्या तपशिलाने त्याच्या आधी कुणी केल्याचे मला आढळले नाही.

मधली शतके आपण भराभर ओलांडू. सतराव्या शतकात क्लोद लोरेन आणि पुसाँ यांनी रोममध्ये बसून रंगवलेल्या सोनेरी उजेडाच्या दऱ्यांनी युरोपच्या मनातला ग्रीस ठरवला. १७६२ मध्ये लंडनला स्टुअर्ट आणि रेव्हेट यांच्या 'अथेन्सची पुरातने' या ग्रंथाचा पहिला खंड निघाला आणि ग्रीक खांब मोजमापांसह सर्वांच्या हाती आले. पॅरिसमध्ये रेस्टॉरंट ही संस्था जन्माला आली ती याच दशकात. आणि १८१८च्या सुमारास पॅरिसच्या झोझेफ द्यूफूर यांच्या कारखान्याने लाकडी ठशांनी छापलेला भिंतकागद बाजारात आणला: कॅलिप्सोच्या बेटावर आलेला ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस, पंचवीस पट्ट्यांत सलग पसरलेला. तो अटलांटिक ओलांडून टेनेसीत राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या घराच्या प्रवेशदालनापर्यंत पोचला. १८३४ साली घराला आग लागली, तर त्यांनी तोच कागद पुन्हा मागवला. आता ग्रीसची भूमी गुंडाळी करून पाठवता येत होती. ती पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ग्रीस पाहिलेला नव्हता.

आणि खुद्द बेटांवर? तिथे यातले काहीच नव्हते. तिथे चुना होता. आपल्या या मागोव्यातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून इथे जरा थांबू. सायक्लाडीझ बेटांवर लाकूड दुर्मीळ, दगड मुबलक. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजायची, कळीचा चुना करायचा, त्यात पाणी ओतले की तो फसफसून उकळतो. मग दिवसेंदिवस विरवत ठेवायचा आणि पातळ करून कुंच्याने भिंतीवर ओढायचा. हवेतला कर्बवायू शोषून तो पुन्हा चुनखडीच होतो. म्हणजे सफेदी हा भिंतीवर चढवलेला दगडाचा एक अगदी पातळ थरच असतो. तो ऊन परतवतो, किडा-जंतू मारतो, आणि छपरावरचे पावसाचे पाणी जिथे टाक्यात साठवून प्यायचे तिथे छप्पर स्वच्छ ठेवतो. ईस्टरच्या आधी बायका घर, पायऱ्या, झाडाचे बुंधे आणि गल्लीतल्या फरशीच्या सांधांवरसुद्धा चुना फिरवत. १९३०च्या दशकात हुकूमशहा मेटॅक्सासच्या राजवटीने रोगराईच्या भीतीने चुन्याची सक्ती केली असे बेटांवर सांगतात. सगळेच काही पांढरे नव्हते मात्र. सँतोरिनीत गलबतांच्या कप्तानांची घरे गेरूच्या, पिवळ्या मातीच्या रंगांची होती. पांढरे असत ते गरिबांचे, खलाशांचे घर, कड्याच्या पोटात कोरलेले.

निळ्याची कहाणी तर आपल्या दारातून जाते. चुन्यात मिसळून दारे-खिडक्या रंगवायला बेटांवर वापरत ते कपड्यांचे निळे. त्याला ग्रीक शब्द 'लुलाकी'. हा शब्द अरबी-फारसी वाटेने ग्रीकमध्ये आला आणि त्याचे मूळ संस्कृत 'नील' हे आहे. पहिल्या शतकातला वैद्य डायोस्कोरिडीस या रंगाला 'इंडिकॉन' म्हणतो, भारताकडचा. त्याच शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे आहेत, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब यवनांनी दान दिल्याचे तिथल्या लेखांत वाचायला मिळते. शब्द याच पाण्यावरून गेला की खुष्कीने, ते सांगायला आज कुणी नाही. पण तो गेला. १८२८ मध्ये फ्रान्सच्या झां-बातिस्त गिमे यांनी कृत्रिम अल्ट्रामरीन बनवले, ते स्वस्त झाले, धुण्याची नीळ त्याचीच होऊ लागली. चुन्याच्या क्षारात तिचा रंग टिकतो हे कळल्यावर ती भिंतीवर चढली. ग्रीक ध्वज १८२२ पासून पांढरा-निळा आहे हा मेळ पुढे राजकारण्यांनी आणि पर्यटनवाल्यांनी मनसोक्त वापरला. मी लहान असताना आमच्या घरी दिवाळीआधी बादलीभर चुन्यात निळीची पुरचुंडी फिरवत, तेव्हा एजियन समुद्रातल्या एखाद्या अंगणातही तेच चालले असेल याची कल्पना कुणाला होती? तसेच त्या बोगनवेलीचे. १७६७ मध्ये बूगँव्हीलच्या जगप्रवासात कॉमेर्सों या वनस्पतीशास्त्रज्ञाला ती रिओ द जानेरोजवळ मिळाली. ग्रीसच्या प्रत्येक चित्रात दिसणारी ती वेल मुळात ब्राझीलची.

भिंतीवर चित्र काढून घ्यायची हौस ग्रीक माणसालाही होती, आणि तिला तिचा चित्रकार मिळाला. थिओफिलोस हाजिमिहाइल १८७०च्या सुमारास लेस्बोस बेटावर जन्मला. काही वर्षे स्मिर्नात ग्रीक वकिलातीत दारवान होता, मग १८९७च्या सुमारास वोलोसकडे आला आणि पेलिओनच्या गावागावांतून हिंडू लागला. अंगात सदैव चुणीदार पांढरा घागरा, जुन्या स्वातंत्र्यसैनिकांचा पोशाख. सणाला तो आणि गावातली पोरे अलेक्झांडर आणि त्याची सेना होत. मद्यशाळा, कॉफीघरे, दुकाने यांच्या भिंती तो रंगवी. मोबदला म्हणजे ताटभर जेवण, पेलाभर वाईन, वर थोडी चिल्लर. १८२१च्या स्वातंत्र्ययुद्धाचे वीर, समुद्रकिनारे, ऑलिव्हची तोडणी, डोंगरातली गावे, आणि चौकटीला फुलांच्या कुंड्या. अनाकासियाच्या कोंतोस यांच्या घरात त्याने १९१२ साली रंगवलेल्या भिंती आजही पाहता येतात. वोलोसच्या एका कॉफीघरात तो शिडीवर चढून काम करत असता कुणीतरी मस्करीत शिडी ओढली, तो पडला आणि मन उडून १९२७ मध्ये लेस्बोसला परतला, अशी हकिकत सांगतात. तिथेच पॅरिसचे कलाप्रकाशक तेरियाद, मूळचे त्याच बेटाचे, त्यांना तो सापडला. पण १९३४ मध्ये तो गेला तेव्हा गरीबच होता. १९६१ साली त्याची चित्रे लूव्हरमध्ये लागली. त्याने रंगवलेल्या कितीतरी भिंती आज उरलेल्या नाहीत. एस्क्विलिनच्या चित्रकाराला जो ग्रीस दूर होता, तो याच्या पाठीमागे दारातच होता, तरीही गिऱ्हाइकाला तो भिंतीवर हवा होता. अक्रोतिरीनंतर असे पुन्हा घडलेले मला इथेच दिसते.

१९३३च्या उन्हाळ्यात 'पात्रिस २' हे जहाज मार्सेहून अथेन्सला निघाले. त्यावर आधुनिक वास्तुरचनेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे सदस्य होते, ल कॉर्बुझिए त्यांत प्रमुख. परिषदेसोबत बेटांचीही फेरी झाली, आणि खलाशांच्या चुना मारलेल्या घनाकृती घरांत या मंडळींना आपल्याच विचारांचे पूर्वज दिसले. गरिबीच्या घराला सौंदर्याचा मान मिळाला. दोनच वर्षांनी अथेन्समध्ये वास्तुरचनाकार दिमित्रिस पिकिओनिस यांनी 'भावनिक स्थलवर्णन' या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला, तो मात्र घरांपेक्षा पायाखालच्या जमिनीबद्दल होता: दगड, चढ-उतार, चालणाऱ्या माणसाला भूमीची होणारी ओळख. १९५४ ते ५७ या काळात त्यांना ते करून दाखवता आले. अक्रोपोलिस आणि समोरच्या फिलोपापू टेकडीवरच्या वाटा बांधायचे काम त्यांच्याकडे आले. अथेन्समध्ये तेव्हा एकोणिसाव्या शतकातली घरे धडाधड पाडली जात होती. पिकिओनिस यांनी त्यांचे मोडके संगमरवरी तुकडे, उंबरठे, कौले गोळा केली आणि पाथरवटांसोबत जागेवर उभे राहून एकेक दगड वाटेत बसवला. कुठे पन्हळीचा तुकडा, कुठे खिडकीची कड, मधूनच नवा खडबडीत दगड. वाटेच्या वळणावर, लुंबार्दियारिस या लहानशा चर्चपाशी, त्यांनी लाकडी खांबांचा एक मंडप केला, चालून आलेल्यांना सावलीत बसून थंड काही पिता यावे म्हणून. ग्रीक भूदृश्याची जेवण्या-पिण्याची जागा असे ज्याला म्हणावे ती माझ्या मते हीच. तिच्यात ग्रीसचे एकही चित्र नाही.

त्याच सुमारास निसर्गानेही एक वळण दिले. ९ जुलै १९५६च्या पहाटे एजियन समुद्रात मोठा भूकंप झाला. सँतोरिनीत पन्नासहून अधिक माणसे दगावली, गावे ओसाड पडली. कोन्स्तांतिनोस देकावालास यांच्यासारख्या तरुण वास्तुरचनाकारांनी जुन्या कमानदार छपरांचा आकार राखून नवी घरे उभारली. पुढे १९७०च्या दशकात सरकारी पर्यटन संस्थेने इयातली कोरीव घरे दुरुस्त करून पाहुण्यांसाठी खुली केली. ज्या बिळासारख्या घरांत खलाशी नाइलाजाने राहत, ती बेटावरची सर्वांत महाग निवासस्थाने होऊन बसली. याच संस्थेत १९५७ ते ६७ या काळात आरिस कोन्स्तांतिनिदिस यांनी देशभर सरकारी विश्रामगृहे बांधली. मिकोनोसला तिथल्याच ग्रॅनाइटच्या भिंती, कलाबाकाला मेतेओराच्या सुळक्यांसमोर सावलीचे लांब सज्जे, जिथे बसून जेवताना डोंगरच भिंतीवरच्या चित्राची जागा घेई. या विश्रामगृहांना नाव दिले होते 'झेनिया'. व्हिट्रुव्हियसने नोंदवलेला कोंबडी-अंड्यांचा तो शिधा, दोन हजार वर्षांनी.

परदेशी गेलेल्या ग्रीक माणसाचे मात्र रोमनांसारखेच झाले. न्यूयॉर्क, शिकागो, मेलबर्न इथल्या ग्रीक खानावळीत भिंतभर पार्थेनॉन, प्लास्टरचे खांब, छताला द्राक्षाची प्लास्टिकची वेल. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कागदी पेल्यावर निळ्या-पांढऱ्यात ग्रीक रांजण छापला गेला, तो ग्रीकांच्या कॉफी-दुकानांना खपवावा म्हणून; पुढे तो शहराचीच खूण झाला. १९६४च्या 'झोर्बा द ग्रीक' या चित्रपटाने त्यात संगीत भरले. या सजावटीला हसणाऱ्यांची मला चीड येते. ज्याचे गाव हजारो मैल दूर राहिले त्याने भिंतीवर ते काढून घेतले, यात हसण्यासारखे काय आहे? पण वाट वळली ती १९७९ मध्ये माँट्रिअलला, 'मिलोस' या उपाहारगृहापासून. कोस्तास स्पिलियादिस यांनी चित्रे काढून टाकली आणि बर्फाच्या उतारावर मासळी मांडली, पांढऱ्या भिंती, दगड, मातीचे रांजण एवढेच ठेवले. आज जगभर जी 'एजियन' सजावट दिसते, तिचे बरेच धागे या जागेपर्यंत जातात. आपल्याकडे गोव्यात वागातोरच्या कड्यावर 'थलासा' उभे राहिले, पुढे ते शिवोलीला गेले. थलासा म्हणजे समुद्र, आणि तो तिथे आयता समोर होता.

पुण्यात समुद्र नाही. माझ्या मैत्रिणीने हे सगळे ऐकून घेतले, पिकिओनिसच्या वाटेची छायाचित्रे पुन्हा पुन्हा पाहिली, आणि मग एके दिवशी मला घेऊन पाडलेल्या वाड्यांचे सामान विकणाऱ्याकडे गेली. सँतोरिनी ज्वालामुखीचे बेट, आणि आपले दख्खनही लाव्ह्याचेच. तिला काळा दगडच हवा होता. जोत्याचे घडीव चिरे, एक झिजलेली पायरी आणि खळगा पडलेला उखळाचा दगड तिने निवडला. आता उपाहारगृहाच्या मधल्या भिंतीत ते चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत, बेटांवरच्या शेताच्या बांधासारखे. रचायची ही कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली आहे. भिंतीलगत अंगचे कट्टे, वर कोनाडे, खाली घोटीव कोबा. मालकांनी इयाचे छायाचित्र मोठे करून लावायचा आग्रह धरला होता, तो त्यांनीच कट्टे तयार झाल्यावर सोडला. अंगणात चिनार लावावा असे तिच्या फार मनात होते. तिथे आधीपासून एक पिंपरणी उभी होती, तीच राहिली.

शेवटच्या दिवसांत मी गेले तेव्हा वाईकडचे एक वयस्क रंगारी दाराच्या चौकटीभोवती चुना ओढत होते. तयार रंगाचे डबे त्यांनी परत पाठवले होते. बादलीत आठ दिवस विरवलेला चुना, त्यात थोडा डिंक, आणि फडक्यात बांधलेली निळीची पुरचुंडी ते हळूहळू फिरवत होते; पांढऱ्यात निळे धागे सुटत आणि विरघळून जात. मैत्रिणीने निळ्याचे कार्ड पुढे धरले. त्यांनी ते पाहिले आणि पुरचुंडी आणखी दोन वेळा पिळली. कुंचा ओढला तर भिंतीवर रंग दिसेचना, नुसती ओली राखाडी पारदर्शक झाक, खालचा गिलावा जसाच्या तसा. ती माझ्याकडे पाहू लागली. रंगाऱ्यांनी कुंचा बादलीच्या काठावर निथळत ठेवला. "वाळू द्या ताई," ते म्हणाले, "सकाळी बघा, मग सांगा अजून एक हात मारायचा का ते."